दारातला व्यापारी : परदेशी उद्योजकाच्या व्हिसाची कुळकथा



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरांना व्हिसाच्या भानगडीत पडायचं कारण काय? कारण सांगतो. दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कॅलिफोर्नियातून फोन आला. कॉलेजात आमच्याकडे दोन वर्षं तर्कशास्त्र शिकला, पुढे संगणकाकडे वळला आणि तिकडे गेला. म्हणाला, "सर, अकरा वर्षं झाली मला इथे. कर भरतो, घराचे हप्ते भरतो. आता स्वतःची छोटी कंपनी काढावी म्हणतोय. थोडे पैसे साठवलेत, दोन गिऱ्हाइकं तयार आहेत. पण वकील म्हणतो, तुम्ही कंपनीचे मालक होऊ शकता, तिच्यात काम मात्र करू शकत नाही. आणि आमच्या शेजारी लाहोरचा एक माणूस तीन वर्षांपूर्वी आला, त्याने दुकान टाकलं आणि मजेत चालवतोय. आता हे कुठलं तर्कशास्त्र, सांगा."

आम्ही म्हटलं, "बाबा रे, यात तर्कशास्त्र शोधू नकोस. हा इतिहास आहे." फोन ठेवल्यावर आमच्या लक्षात आलं की हा इतिहास त्याला नीट सांगता येईल एवढा आपल्यालाही माहीत नाही. मग वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत. उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण प्रश्न तिथून आला आणि आपली मुलं तिथे मोठ्या संख्येने आहेत.

सूत्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट सापडेल. परदेशात जाऊन धंदा काढणाऱ्या माणसासाठी आज जे व्हिसाचे पर्याय दिसतात, ते एखाद्या अर्थखात्याने शांतपणे बसून आखले असावेत असं वाटतं. तसं झालेलं नाही. त्यातला सर्वांत जुना पर्याय एका बंदीच्या कायद्यातला अपवाद म्हणून जन्माला आला. मजुराला दाराबाहेर ठेवायचं होतं आणि व्यापाऱ्याला आत घ्यायचं होतं. त्यासाठी व्यापारी कोण, हे ठरवावं लागलं. ते ठरवताना जे प्रश्न विचारले गेले, त्यांतले बरेचसे आजही विचारले जातात.

आता मागे जाऊ. १८६९ मध्ये अमेरिकेचा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग पुरा झाला. त्याचा पश्चिमेकडचा, डोंगर फोडून काढलेला भाग मोठ्या प्रमाणावर चिनी मजुरांनी बांधला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६८ मध्ये, अमेरिका आणि चीन यांच्यात बर्लिंगेम करार झाला होता आणि एकमेकांच्या देशात येण्याजाण्याचा हक्क दोघांनी मान्य केला होता. पण रेल्वे झाली, मंदी आली, आणि कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध वातावरण तापलं. हे लोक कमी पगारात राबतात, आमची मजुरी पाडतात, ही तक्रार. हे शब्द आपल्याला अनोळखी नाहीत. आपल्याकडच्या शहरांतही बाहेरून आलेल्या कामकऱ्याबद्दल ते ऐकू येतात.

अमेरिकेच्या सरकारपुढे पेच असा होता : मजूर नकोत, पण चीनशी व्यापार हवा. म्हणून १८८० मध्ये नवा करार झाला. मजुरांच्या येण्यावर मर्यादा घालायचा अधिकार अमेरिकेने मिळवला आणि व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी व प्रवासी यांना मोकळीक ठेवली. मग ६ मे १८८२ रोजी चिनी मजुरांना दहा वर्षं बंदी करणारा कायदा झाला. पुढे तो वाढत गेला आणि रद्द झाला तो थेट १९४३ मध्ये. व्यापाऱ्याने आपल्या सरकारकडून दाखला आणायचा, अमेरिकी वकिलातीकडून त्यावर शिक्का घ्यायचा आणि बंदरावर दाखवायचा. आजच्या व्हिसाचा हा पूर्वजच म्हणा ना.

इथे आमच्या विषयातला एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'मजूर येऊ शकत नाहीत' आणि 'व्यापारी येऊ शकतात' ही दोन विधानं आहेत. आता सांगा, जो मजूरही नाही आणि व्यापारीही नाही, त्याचं काय? समजा, बँकेतला कारकून, पेढीवरचा दिवाणजी. पहिलं विधान मुख्य धरलं तर तो आत येईल, कारण तो मजूर नाही. दुसरं मुख्य धरलं तर तो बाहेर राहील, कारण तो यादीत नाही. सुरुवातीची काही वर्षं यात घोळ होता. १८९८ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी मत दिलं की यादीत ज्यांचं नाव आहे तेवढेच येतील. एका वाक्याने सगळं उलटलं. तोवर दार उघडं होतं आणि काहींना मज्जाव होता. आता दार बंद आणि काहींना परवानगी, असं झालं. स्थलांतराच्या कायद्यांत पुढे हीच दुसरी पद्धत रूढ झाली. आमच्या विद्यार्थ्याला आपण कुठल्या खान्यात बसतो हे शोधत फिरावं लागतं, त्याचं मूळ अशा ठिकाणी आहे.

बरं, मग व्यापारी म्हणजे कोण? १८९३ च्या कायद्यात याची व्याख्या दिली आहे. ठरलेल्या जागी दुकान मांडून मालाची खरेदी-विक्री करणारा, धंदा ज्याच्या नावावर आहे असा, आणि त्या धंद्याला जेवढं अगदी लागेल तेवढं सोडून हाताने कसलंही काम न करणारा माणूस. मजुरांच्या व्याख्येत कोण कोण घातले, तेही बघा. खाणीत काम करणारे, मासेमारी करणारे, फेरीवाले, धोबी. आता फेरीवाला हा व्यापारी नव्हे काय? तो माल घेतो, विकतो, नफा-तोटा सोसतो. स्वतःची लाँड्री चालवणारा माणूस मालक नव्हे काय? पण कायद्याच्या लेखी फेरीवाल्याला दुकान नाही आणि धोब्याचे हात पाण्यात आहेत, म्हणून दोघेही मजूर.

म्हणजे धंद्यातली जोखीम कोण घेतो, हा निकष धरलाच नाही. हात कोणाचे मळतात, हा निकष धरला. आपल्याकडे जातीच्या उतरंडीत हाताने काम करणाऱ्याला खाली बसवण्याची रीत होती. तिकडे जातिव्यवस्था नव्हती, पण माणसाची किंमत त्याच्या हातांवरून ठरवायची खोड या कायद्यातही दिसते.

पुरावा काय द्यायचा? अमेरिकेत आधीपासून धंदा करणारा चिनी व्यापारी मायदेशी जाऊन परत येताना दोन साक्षीदार लागत, आणि ते चिनी नसले पाहिजेत अशी अट होती. याने जाण्यापूर्वी किमान वर्षभर दुकान चालवलं आणि या काळात हातमजुरी केली नाही, हे त्यांनी सांगायचं. त्यामुळे व्यापाऱ्याचं भवितव्य गल्लीतल्या गोऱ्या घाऊक विक्रेत्याच्या, घरमालकाच्या शब्दावर लटकलेलं असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंड नावाचं बेट आहे. १९१० ते १९४० या काळात तिथे स्थलांतरितांची चौकशी होई. दुकानात भागीदार किती, कोणाचा हिस्सा केवढा, गावाकडे घराला दारं किती, विहीर कुठल्या बाजूला, असे प्रश्न तासन्‌तास चालत. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवणी. आणि माणूस व्यापाऱ्यासारखा दिसतो का, त्याचे कपडे, त्याचे हात, त्याचं बोलणं, यांवरूनही अधिकारी अंदाज बांधत.

एवढा खटाटोप माणसं का करत होती? कारण व्यापारी ठरलं की बायकामुलं आणता येत. १९०० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की व्यापाऱ्याची पत्नी आणि अज्ञान मुलं वेगळ्या दाखल्याशिवाय येऊ शकतात. मजुराला ती सोय नव्हती. तो एकटा यायचा, एकटा राहायचा आणि बहुतेक वेळा एकटाच मरायचा.

यातली कमाल बघायची असेल तर मे १९२५ चे दोन निकाल बघा. त्याच्या आदल्या वर्षी नवा कडक कायदा आला होता. सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रकरणं आली. एकात चिनी व्यापाऱ्यांच्या बायका-मुलं होती. न्यायालय म्हणालं, करार आहे, त्यांना येऊ द्या. दुसऱ्यात चिनी वंशाच्या अमेरिकन नागरिकांच्या बायका होत्या. तिथे न्यायालय म्हणालं, कायद्यात सोय नाही, येता येणार नाही. म्हणजे परक्या व्यापाऱ्याला कुटुंबासह संसार करता येतो आणि देशाच्या नागरिकाला येत नाही. त्या दिवशी नागरिकत्वापेक्षा दुकानाचं वजन जास्त भरलं. आम्ही हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

आता माणूस कायद्याला कसा उत्तर देतो, ते सांगतो. दुकान असलेला व्यापारी आत येतो ना, मग लोकांनी दुकानात भाग घेतले. एका किराणा दुकानाला आठ-आठ, दहा-दहा भागीदार. त्यातले काही खरे, काही कागदावरचे. पुढे १९१५ मध्ये एका फेडरल न्यायालयाच्या निर्णयाने रेस्टॉरंटच्या मालकालाही व्यापारी म्हणायला वाट झाली. अटी होत्या. हॉटेल बऱ्यापैकी मोठं आणि प्रतिष्ठित हवं. मालकाने त्यात भरीव पैसा घातलेला हवा. वर्षभर त्याने व्यवस्थापनच करायचं, भांडी घासायची नाहीत, वाढायचं नाही. एकट्याकडे एवढं भांडवल कुठून येणार? मग नातेवाईक, गाववाले यांनी पैसे एकत्र केले, झकपक हॉटेलं काढली, आणि भागीदारांनी आळीपाळीने व्यवस्थापक व्हायचं ठरवलं. एकाने वर्ष-दीड वर्ष व्यवस्थापकी केली, व्यापारी ठरला, गावी जाऊन आला, माणसं घेऊन आला. मग पुढच्याची पाळी. न्यूयॉर्कसारख्या शहरांत त्या काळात चिनी हॉटेलं भराभर वाढली, त्यामागे अमेरिकन लोकांची जीभ होती तसा हा कायदाही होता.

आपल्याकडे भिशी लावतात ना, तसंच हे. फक्त इथे पाळीने मिळत होती ती रक्कम नव्हे, तर व्यापारी असण्याची ओळख.

आता १९२४ कडे येऊ. त्या वर्षीच्या कायद्याने जगभरच्या स्थलांतराला देशवार कोटा लावला आणि आशियातल्या बहुतेकांना जवळपास बंदच केलं. त्यातही एक खिडकी ठेवली होती. ज्या देशाशी व्यापार आणि नौकानयनाचा करार आहे, त्या देशाचा माणूस केवळ व्यापारासाठी येत असेल तर त्याला स्थलांतरित धरू नये. १८८२ च्या अपवादातला चिनी व्यापारी आता सर्व देशांसाठीचा 'करार-व्यापारी' झाला. १९५२ मध्ये कायदा नव्याने लिहिला तेव्हा त्याच्या शेजारी 'करार-गुंतवणूकदार' बसवला. कायद्याच्या ई या कलमात हे दोघे आले, म्हणून पहिल्याला ई-१ आणि दुसऱ्याला ई-२ म्हणतात. लाहोरच्या त्या माणसाकडे बहुधा हा ई-२ असणार.

मग आपला माणूस यात का नाही? कारण या खिडकीवर माणसाच्या आधी त्याचा देश बघतात. पाकिस्तानशी असा करार १९६१ पासून लागू आहे. बांगलादेशी नागरिकांना ई-२ चा लाभ १९८९ पासून मिळतो. जपानशी १९५३ पासून आहे. भारताशी असा करार नाही. इंग्रजांच्या राज्यात होतो तेव्हाही नव्हता म्हणा. ब्रिटन या यादीत आहे तो १८१५ च्या करारामुळे, पण त्याचा लाभ ब्रिटनच्या युरोपातल्या भूभागापुरता. वसाहतीतल्या प्रजेला त्याचा उपयोग नव्हता. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा पट्टा बंद केला, तेव्हा व्यापारी, विद्यार्थी वगैरेंना त्यातून वगळलं होतं हे खरं. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही असा निकाल लागला. ती बंदी १९४६ मध्ये उठली आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. शंभर, एवढ्या मोठ्या देशाला.

आणि गंमत, खरं तर गंमत नव्हे, पण ज्या चिनी व्यापाऱ्यामुळे हा सगळा प्रकार सुरू झाला, तो चीनही आज या यादीत नाही. १९४० च्या दशकातला करार चीनमधल्या जुन्या सरकारशी झाला होता, त्याचा लाभ आता तैवानच्या लोकांना मिळतो.

ई-२ ची परीक्षा कशी घेतात ते बघा, म्हणजे वंश जुळतो का ते कळेल. किमान रक्कम कायद्यात लिहिलेली नाही, पण धंद्याच्या मानाने भरीव गुंतवणूक हवी. पैसा जोखमीत घातलेला हवा, बँकेत ठेवलेला चालत नाही. निम्मी तरी मालकी हवी किंवा ताबा दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावा लागतो. धंद्याला दिशा देणं आणि तो वाढवणं हे त्याचं काम हवं. आणि धंदा नुसता पोटापुरता असून चालत नाही. मालकाचं आणि त्याच्या कुटुंबाचं जेमतेम भागेल एवढीच ज्याची कुवत, तो धंदा बाद. १८९३ मधला 'हाताने काम न करणारा' आणि आजचा 'दिशा देणारा', यांत आम्हाला नातं दिसतं. धोबी तेव्हा बाद होता. एकट्याने गाडी लावून वडापाव विकणारा आज बाद होईल.

आणखी एक साम्य आहे. जुना चिनी व्यापारी कितीही वर्षं राहिला तरी नागरिक होऊ शकत नव्हता. ई-२ वाला माणूस धंदा चालू असेपर्यंत मुदत वाढवत राहू शकतो, पण या व्हिसातून आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही. मुलं एकवीस वर्षांची झाली की त्यांचा या व्हिसावरचा आधार संपतो. दुकान चालवा, माणसं कामाला ठेवा, कर भरा, पण पाहुणे म्हणून. लाहोरचा शेजारी मजेत आहे असं आमच्या विद्यार्थ्याला वाटतं. त्याची मुलं मोठी होतील तेव्हा त्याला विचारावं.

दुसरं दार १९९० मध्ये उघडलं, ईबी-५ नावाचं. त्या वर्षीच्या कायद्याने सांगितलं, दहा लाख डॉलर गुंतवा, किंवा बेकारी जास्त असलेल्या वा ग्रामीण भागात पाच लाख गुंतवा, दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करा आणि ग्रीन कार्ड घ्या. आधी दोन वर्षं सशर्त, मग कायम. वर्षाला सुमारे दहा हजार व्हिसा. इथे देश कुठला हे आधी विचारत नाहीत, फक्त गर्दी झालेल्या देशांना रांग लागते. २०२२ मध्ये या रकमा साडेदहा लाख आणि आठ लाख झाल्या. हे दार व्यापाऱ्यासाठी नाही, भांडवलासाठी आहे. अनेक जण पैसे एखाद्या मोठ्या इमारतीच्या प्रकल्पात घालतात आणि धंदा दुसरेच कोणीतरी चालवतात. १८९३ च्या कायद्याला निदान दुकानात बसलेला माणूस हवा होता. २०२५ मध्ये तर 'गोल्ड कार्ड'चा आदेश निघाला. सरकारला दहा लाख डॉलर देणगी द्या आणि रस्ता मोकळा करून घ्या. तिथे दुकानाचीही गरज उरली नाही.

तिसरी वाट कल्पना घेऊन येणाऱ्यासाठी. जानेवारी २०१७ मध्ये, ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत, परदेशी उद्योजकांसाठी एक नियम निघाला. नवी कंपनी, त्यात तुमची किमान दहा टक्के मालकी, आणि अमेरिकन गुंतवणूकदारांनी सुरुवातीला ठरल्याप्रमाणे अडीच लाख डॉलर किंवा सरकारी संस्थांनी एक लाखाचं अनुदान दिलेलं असेल, तर तुम्हाला तीस महिने राहू देऊ, आणखी तीस वाढवू. ट्रम्प सरकारने तो पुढे ढकलला, डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ढकलणं रद्द केलं, २०१८ मध्ये नियमच काढून टाकायचा प्रस्ताव आला, २०२१ मध्ये बायडन सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. नियम टिकला, पण हा व्हिसाच नाही. याला 'पॅरोल' म्हणतात. हो, तुरुंगातून सुटतात तोच शब्द. तुम्ही देशात असता, पण कायद्याच्या भाषेत तुम्हाला प्रवेश मिळालेला नसतो. एकोणिसाव्या शतकात कायद्याला व्यापारी हा शब्द सापडला होता. नव्या कल्पनेवर कंपनी काढणाऱ्यासाठी अजून स्वतंत्र जागा सापडलेली नाही, म्हणून त्याला उंबरठ्यावर उभा केलाय.

हे कॅनडाने हेरलं. २०१३ मध्ये त्यांनी स्टार्टअप व्हिसा काढला आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या हमरस्त्यावर मोठा फलक लावला. एच-१बी चा त्रास होतोय का, मग कॅनडाकडे वळा, अशा अर्थाचा. शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन त्याचे पाहुणे पळवायचा प्रकार! पण त्या फलकाला माहीत होतं की अंगणात अडकलेले पाहुणे कोण आहेत.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. तो एच-१बी वर आहे. हा नोकराचा व्हिसा. मालक कोण, हे त्यात आधी ठरलेलं. स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर असेल तर या चौकटीत अडचण होते. जानेवारी २०२५ पासून नियम थोडा सैल झालाय. स्वतःची बहुतांश मालकी असलेल्या कंपनीमार्फतही एच-१बी मिळू शकतो, पण पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी दीड वर्षाच्या पुढे नाही, आणि बराचसा वेळ त्या विशेष विद्येच्या कामातच गेला पाहिजे. बघा हं, व्यापाऱ्याला सांगत होते हाताने काम करू नकोस. याला सांगतात, मालकीच्या उठाठेवीतच रमू नकोस, ठरलेलं काम कर. दोन्हीकडे माणसाचे दोन तुकडे पाडले जातात, एक काम करणारा आणि एक मालक. धंदा काढणारा माणूस तर दोन्ही असतो. आमच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. ते सकाळी झाडू मारत, दुपारी गल्ल्यावर बसत, रात्री हिशेब लिहीत. त्यांना कोणी विचारलं असतं की तुम्ही मजूर की व्यापारी, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

मग लोक काय करतात? जे चिनी भागीदारांनी केलं तेच. व्याख्येत बसण्यासाठी आयुष्याची घडी बदलतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाशी अमेरिकेचा ई-२ चा करार आहे आणि ग्रेनाडा गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतो. काही भारतीय या मार्गाने गेले. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ती फट बुजवली. असं नागरिकत्व पैशाने घेतलं असेल तर त्या देशात आधी सलग तीन वर्षं वास्तव्य हवं. गंमत म्हणजे त्याच कायद्याने पोर्तुगालच्या नागरिकांना ई-१ आणि ई-२ खुला केला. आता हे आपल्या गोव्याच्या दारात येऊन पोचतं. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. म्हणजे पेडण्याचा एखादा तरुण आजोबांचा जन्मदाखला काढून अमेरिकेत धंदा टाकू शकतो, आणि तेरेखोलची खाडी ओलांडून सावंतवाडीचा त्याचा मामेभाऊ टाकू शकत नाही. अर्थात पेडणेकराला त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. हा व्यवहार ज्याचा त्याने ठरवायचा. पण दोघांची अक्कल, भांडवल, मेहनत सारखी असली तरी त्यांच्यातला फरक एका जुन्या साम्राज्याच्या सीमेने ठरवलेला आहे, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी आमच्या धंद्यातलं एक नाव घेतो. इमॅन्युएल कांट. १७९५ मध्ये त्याने शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे. पण हा भेट देण्याचा हक्क, राहण्याचा नव्हे. राहायचं तर वेगळा करार हवा. वसाहतवाल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी 'भेटी'च्या नावाखाली देश गिळले, हे तो बघत होता, म्हणून त्याने सावधपणे ही रेघ ओढली. दुबळ्याला वाचवण्यासाठी ओढलेली रेघ. पुढे बलवान देशांनी तीच रेघ दुबळ्यांसाठी वापरली. येतोस का, कर व्यापार, पण राहणं वेगळं. वर्षानुवर्षं भेटीवरच असलेला माणूस, ज्याची मुलं तिथे शाळेत शिकली, ज्याच्या पगारावर दहा घरं चालतात, त्याला पाहुणा म्हणायचं का, हा प्रश्न कांटपुढे नव्हता. आपल्यापुढे आहे. आम्हाला विचाराल तर, अशा माणसाला ठरावीक वर्षांनंतर राहायचा हक्क मिळालाच पाहिजे, मग तो कुठल्याही देशाचा असो आणि त्याचे हात मऊ असोत की खरबरीत. देशाला दार ठेवायचा अधिकार आहे, हे आम्ही मान्य करतो. पण आत घेऊन राबवलेल्याला कायम ओसरीवर बसवायचा अधिकार आहे, हे मान्य करत नाही.

परवा विद्यार्थ्याला आम्ही फोन केला. हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. म्हणाला, "सर, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मी असतो तर माझे हात तपासले असते." आम्ही म्हटलं, "तुझे हात मऊ आहेत रे, तू पास झाला असतास." हसला. मग म्हणाला, "आजीचे नसते झाले." त्याची आजी भाजी विकायची. आम्हाला ते माहीत नव्हतं.

सल्ला म्हणून आम्ही त्याला एवढंच सांगितलं. चांगल्या वकिलाकडे जा, आम्ही वकील नाही. एच-१बी ची नवी सवलत बसते का, गुंतवणूकदार मिळाला तर पॅरोलची वाट जमते का, हे विचार. मुलीचं एकविसावं वर्ष कधी येतं, ते आधी कॅलेंडरवर लिहून ठेव. आणि प्रत्येक दारावर आपल्याला नेमका कोणता प्रश्न विचारतायत, ते ओळखून जा : देश कोणता, पैसा किती, की काम काय.

वेळ झालेली दिसतेय, संयोजक घड्याळ दाखवतायत. थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल तेवढं सांगू.